हात मागे बांधून शिकवणारी

कल्पना,

तुझ्या शोकसभेत दोन मिनिटांचं मौन ठरलं होतं. मिनिटभर झालं असेल नसेल, तेवढ्यात वीज गेली. वाचनकक्षात आम्ही पन्नास-साठ माणसं माना खाली घालून उभी आणि शेजारच्या तुझ्या खोलीतून यूपीएस कोकलायला लागले. प्राचार्यांनी एक डोळा उघडला, मी दोन्ही उघडले. तोवर मागच्या रांगेतली तुझी सात-आठ मुलंमुली मौन मोडून धावत सुटली होती. एक खुर्ची पडली, कुणाची तरी चप्पल दारातच राहिली. त्यांनी चारही संगणक एकेक करून रीतसर बंद केले, बटणं खाली केली आणि परत येऊन माना घालून उभी राहिली. एव्हाना मौन संपून चहा आला होता.

"ये कौन-सा अनुशासन है?" प्राचार्यांनी मला विचारलं.

मी सांगायला हवं होतं, की साहेब, हेच ते अनुशासन. वीज गेली की आधी यंत्र, मग बाकीचं जग, हे तिनं या पोरांना सहा वर्षं घसा फोडून शिकवलं. पण मी मूग गिळून बसलो. तुझ्या बाबतीत मला ती सवयच लागली होती.

तुझी तेरवी परवा झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे, पण मला ते आज जमेलसं वाटत नाही. मी तुझ्यावर चिडलेलो आहे. चार दिवस अंगात ताप घेऊन तू कॉलेजात येत राहिलीस. माझ्यासमोर गोळी गिळलीस आणि वर मलाच म्हणालीस, "काई नाई सर, हवा बदलून राह्यली." पाचव्या दिवशी गोंदिया, सहाव्या दिवशी नागपूर आणि सातव्या दिवशी फोन. मेंदूचा मलेरिया. चौतीस वर्षांची बाई! मध्य प्रदेशातल्या आपल्या या बालाघाटच्या जंगलाच्या जिल्ह्यात हा ताप काय नवा आहे? पोरांच्या अर्जात एक रकाना रिकामा राहिला तर तू अर्ज परत करायचीस. मग स्वतःचा एवढा मोठा रकाना कसा सोडून दिलास?

तुझ्यावर चिडणं सोपं आहे, म्हणून आधी ते उरकून घेतलं. खरी गोष्ट माझी आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. तुझी खोली बंद होणार आहे. 'डिजिटल कक्ष' ही पाटी उतरवायची, तिथे परीक्षा विभागाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचे आणि संगणक कार्यालयात वाटून टाकायचे असं चाललं आहे. नव्या प्राचार्यांना त्यासाठी काहीतरी लेखी आधार हवा होता. तो त्यांना जुन्या फाइलीत सापडला. चार वर्षांपूर्वीची एक नोटशीट आहे. अक्षर माझं, सही माझी. ग्रंथपालानंच लिहून दिलंय म्हटल्यावर त्यांना आणखी काय पाहिजे? फाइल काल माझ्या टेबलावर आली. तिच्यात एक ओळ लिहायची राहिली आहे आणि तीही मीच लिहायची आहे.

आज सकाळी लवकर येऊन तुझ्याच खोलीत बसलो आहे. हातानंच लिहितोय. हसू नकोस.

तेरवीला तुझ्या गावी, राजेगावला आलो होतो. तुझी आई ओसरीत बसली होती. मला पाहून उठायला लागली, तेव्हा मीच खाली सतरंजीवर बसलो. तिनं पाणी मागवलं, बसमध्ये जागा मिळाली का विचारलं, आणि मग सरळ विचारलं.

"सर, तुमी तं तिथं मोठे होते. माह्या पोरीले पक्कं काहून नाई केलं?"

मी म्हणालो, ते माझ्या हातात नव्हतं, वरून पदच मंजूर झालं नाही.

"मंग तिच्या हातात काय होतं? दर जुलैत ते नेमनुकीच्या कागदाची वाट पाहे. अन् कागद यायच्या आधीच पोराइले शिकवाले लागे. म्या म्हनो, आधी कागद तं येऊ दे! तं म्हने, पोरं आली हायेत माय, कागद येत राहीन."

मी पाणी संपवलं आणि पेला खाली ठेवला.

"तापात बी गेलती. म्या म्हनलं, आज नोको जाऊ. तं म्हने, उकव्याच्या पोरी सकाळच्या बसनं येऊन राह्यल्या, मी नाई गेली तं त्या दारातूनच परत जातीन."

तुझी आई रडत नव्हती, हेच मला जास्त जड गेलं. परतताना रस्ताभर मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होतो. बालाघाट आलं तरी एकही उत्तर धड झालं नव्हतं.

तू आलीस तेव्हा मी तुझं काय स्वागत केलं होतं ते आठवतं? विद्यापीठानं चार संगणक, एक प्रिंटर आणि एक स्कॅनर पाठवला आणि कळवलं, की ग्रंथालयात कक्ष उघडा, विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घ्या. जागा कुठे? तर माझी जुन्या वर्तमानपत्रांची खोली. वीस वर्षं मी त्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे शिवून घेतले होते. ते व्हरांड्यात आले आणि त्यांच्या जागी तू आलीस. सलवार-कमीज, खांद्याला पिशवी, गोंदियाहून केलेला संगणकाचा डिप्लोमा, आणि वर्षभराच्या नेमणुकीचा कागद. "नमस्कार सर," म्हणालीस. मी म्हणालो, "वर्तमानपत्रांना ऊन लागतंय." पहिल्या दिवशी आपलं एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवसापासून फोनचं भांडण. ग्रंथालयात एकच फोन आणि तुझं इंटरनेट त्याच तारेवर चालणार. मी पुस्तकविक्रेत्याला फोन करायला रिसीव्हर उचलला की कानात किंचाळी आणि आतून तुझी आरोळी, "सर, ठेवा ना तो फोन! अर्ध्यावर आलतं!" मी मुद्दाम आणखी दोन मिनिटं कानाला लावून बसायचो. आज कबूल करतो. मी रागावलो की हिंदीत शिरायचो आणि तू रागावलीस की थेट राजेगावच्या ठसक्यावर पोचायचीस. बाहेर बसलेल्या वाचकांची फुकट करमणूक होत असे.

आणि तुझी ती शिकवायची तऱ्हा! सात दिवसांची कार्यशाळा, एका संगणकावर दोघं. तू दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांच्या मागे उभी. पोरगं घामाघूम झालेलं, पडद्यावर भलतंच काहीतरी उघडलेलं, पण तुझा हात काही पुढे यायचा नाही. "आता समोर काय दिसून राह्यलं, ते वाच." तो वाचायचा. "मंग तुले काय पायजे?" तो सांगायचा. "मंग शोध ना." अर्धा-अर्धा तास. पाहणाऱ्याचं पित्त खवळायचं. एका बोटाचं काम! पण तू हात मागचे पुढे आणले नाहीस. मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, "मी हात लावला तं माह्या हाताले येईन सर, त्याच्या नाई."

वर तुझा तो नियम. शिकलेल्यानं पुढच्या तुकडीतल्या एकाला स्वतः शिकवायचं, आणि तो शिकला की मगच पहिल्याला प्रमाणपत्र. सात दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र तीन महिन्यांनी. सही माझी लागायची, म्हणून ते कागद माझ्या खणात पडून राहायचे आणि पोरं मला विचारायची, "सर, अपना कब होगा?" मी तुझ्या नावानं बोटं मोडत त्यांना तुझ्याकडे पाठवायचो.

आपलं मोठं भांडण झालं ते आपल्या जिल्ह्यातल्या खैरलांजीच्या पोरावरून. कुठल्याशा प्रवेशपरीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. तो दुपारी आला, माऊस पहिल्यांदाच हातात धरत होता. वीज दोनदा गेली, इंटरनेट तीनदा तुटलं. तू मनात आणलं असतंस तर दहा मिनिटांत अर्ज भरून मोकळी झाली असतीस. नाही! तू मागे हात बांधून उभी, आणि तो एकेक अक्षर शोधतोय. साडेपाचला अर्ज गेला. तोवर त्याची शेवटची बस गेली होती.

मी तुला सगळ्यांसमोर बोललो. ग्रंथालय म्हणजे सेवा, म्हणालो. वाचक पुस्तक मागतो, आपण काढून देतो. त्याला कपाटात चढायला लावत नाही. तू शांतपणे म्हणालीस, "सर, पुस्तक तुमी काढून देता, पन त्याच्यासाठी वाचता काय?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी जाताना सुचलं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचा मूड राहिला नाही. आता ऐक. माणसाची बस जात असेल तर तेवढ्यापुरतं वाचूनही दाखवावं, कल्पना. त्या दिवशी तू चुकलीस असं मला अजूनही वाटतं. तू आज समोर असतीस तरी मी हेच म्हणालो असतो. त्या पोराला मी स्कूटरवर घालून घरी नेलं, जेवू घातलं. जेवताना त्यानं आमच्या हिला तीनदा सांगितलं, "चाची, फॉर्म मैंने खुद भरा." हिनं तिन्ही वेळा माझ्याकडे पाहिलं. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस.

आता त्या नोटशीटवर येतो.

ती उन्हाळ्याची सुट्टी होती. वरून पत्र आलं की शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचीही कार्यशाळा घ्या. तू नियम काही बदलला नाहीस. दारावर यादी चिकटवलीस, कोणाला कोण शिकवणार. माझ्या नावापुढे फूलवती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत. पोरगी हुशार आणि दिसायला गंभीर. मी खुर्चीवर बसलो, ती शेजारी स्टुलावर. "सर, दो बार दबाइए. जल्दी-जल्दी." मी दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. "और जल्दी, सर." माझं बोट आणि ते यंत्र यांचं काही जमेना. पलीकडच्या संगणकावरचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फिसकन हसले. फूलवती हळूच म्हणाली, "सर, डरिए मत. टूटेगा नहीं."

ती चांगल्या मनानं म्हणाली होती. मला ते तेव्हाही कळलं होतं. पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. मी तुला म्हणालो, "तू दाखव." तू पाठीमागे हात बांधून उभी होतीस. म्हणालीस, "फूलवती सांगते ना सर. तिले विचारा."

मी उठलो. आणि जे बोलायला नको होतं ते त्या पोरीच्या तोंडावर बोललो, की इतकी वर्षं ग्रंथालय चालवून आता मी हिच्याकडून शिकू काय? तू एवढंच म्हणालीस, "सर, बसा." मी बसलो नाही. टेबलावर आलो, फाइलीतला तो हिरवट कागद ओढला, ज्यावर खालच्यानं मागणी लिहायची आणि वरच्यानं शेरा मारायचा, आणि एका दमात लिहून काढलं. कक्षामुळे ग्रंथालयाच्या कामात व्यत्यय येतो, अनुशासन बिघडतं, जागा दुसऱ्या विभागाला देण्यात यावी. अक्षर इतकं सुरेख आलं होतं, की आज पाहून लाज वाटते. राग आल्यावर माझं अक्षर सुधारतं.

तुझ्या नियमानं फूलवतीचं प्रमाणपत्र माझ्यामुळे अडलं, कारण तिचा विद्यार्थी उठून गेला होता. तू तिला आपला शिपाई दिलास. महिन्याभरात तो इंटरनेटवरून परीक्षांचे निकाल काढून छापायला लागला, आणि मी तिच्या प्रमाणपत्रावर मान वर न करता सही केली. सही करताना दोन शब्द बोलायला काय झालं होतं मला? ती पोरगी आज उकव्याकडे कुठल्या शाळेत शिकवते म्हणे. शोकसभेत मागच्या रांगेत होती. यूपीएस वाजल्यावर सगळ्यांत आधी तीच धावली.

नोटशीट वर गेली. पुढे तिचं काय झालं ते मी विचारलं नाही. पंधरा दिवसांत राग उतरला, मग लाज वाटायला लागली. लाज वाटते म्हणून ती परत मागायलाही गेलो नाही. जुने प्राचार्य बदलून गेले. मला वाटलं, गेली असेल ढिगात. तुला यातलं काही माहीत नाही, असंही मी धरून चाललो. धरून चालायला तू जागाच तशी दिलीस. नोटशीट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी चहा घेऊन आलीस. मी "ठेव" म्हणालो. तू ठेवलास आणि जरा थांबलीस.

"सर, काई बोलाचं होतं काय माह्याशी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतरही तू हे अधूनमधून विचारायचीस. महिन्या-दोन महिन्यांनी, जाता-जाता. मला वाटायचं, तुला रजा पाहिजे असेल किंवा नेमणुकीच्या कागदाबद्दल शब्द टाकून हवा असेल. मी दर वेळी नाही म्हणायचो, आणि तू हौ म्हणून निघून जायचीस.

त्याच पावसाळ्यात तू माझी कार्डं मागायला आलीस. पुस्तकांची यादी संगणकात घालायची होती. मी म्हणालो, पुढची माहिती उतरव, मागच्या बाजूला बघू नकोस. मागच्या बाजूला मी पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवतो. 'वाळवी लागली, जपून.' 'शेवटची सोळा पानं नाहीत, विचारणाऱ्याला आधी सांगणे.' 'परीक्षेला उपयोग नाही, पण चांगलं आहे.' दोन वर्षं तुझी पोरं ती कार्डं एकेक करून टंकत होती. मग एके दिवशी एक वाचक छापील यादी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, ये वाली किताब दीजिए, इसमें लिखा है अच्छी है." मी यादी पाहिली. शेवटी एक जास्तीचा रकाना होता आणि वर लिहिलं होतं, 'ग्रंथपाल सरांचा शेरा.' माझे सगळे पेन्सिलीचे शेरे. एकही गाळलेला नव्हता. मराठी तिथं मराठी, हिंदी तिथं हिंदी.

मी तुझ्या खोलीशी आलो होतो. दारात उभा राहिलो. तू कुणाच्या तरी मागे हात बांधून उभी होतीस. मला पाहून भुवया उंचावल्यास. मी म्हणालो, "प्रिंटरची शाई फार जाते." आणि परत आलो. माणसानं किती कंजूष असावं, कल्पना? आभाराचे दोन शब्द खणात ठेवून मी काय करणार होतो? आता घे. मनापासून आभार. इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं कुणी वाचलं असेल तर ते तू.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी तुझी नवी कार्यशाळा सुरू व्हायची होती. मी सूचनाफलकावर 'रद्द' लिहायला खडू घेतला, तर आतून आवाज. जुन्या तुकडीतली चार मुलं नव्या चौघांना शिकवत होती, चारही जण मागे उभी, हात पाठीमागे बांधून. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. तुझ्यावाचून दोन दिवसही न अडता चाललं याचा राग. बाहेर येऊन व्हरांड्यातल्या त्या जुन्या गठ्ठ्यांवर बसलो तेव्हा कळलं, की तू सहा वर्षं हेच तर करत होतीस. मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, की कक्ष चालू आहे. ते म्हणाले, "चालू है, पर ज़िम्मेदारी किसकी?" आणि त्यांनी फाइल मागवली.

काल ती फाइल घेऊन कार्यालयातले बिसेन बाबू आले. मी उघडली. माझी ती सुरेख अक्षरातली मागणी. तिच्याखाली जुन्या प्राचार्यांचा लाल शाईतला शेरा, जो मी आजवर पाहिला नव्हता. 'ग्रंथपाल संबंधित से चर्चा कर पुनः प्रस्तुत करें.' संबंधित म्हणजे तू. मी तुझ्याशी बोलायचं, आणि मगच फाइल पुढे न्यायची.

आणि त्याच्या खाली, कोपऱ्यात, निळ्या पेनानं, 'देखा.' तुझी सही. तारीख मी नोटशीट लिहिली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. चहा आणलास त्या दिवसाची.

मी बिसेन बाबूंना विचारलं, की ही फाइल माझ्याकडे का आली नाही?

"मैडम ने मना किया था, सर," ते म्हणाले. "बोलीं, फाइल मत भेजना, सर को बुरा लगेगा. वो खुद बात करेंगे. तो हमने अलमारी में रख दी."

चार वर्षं. तू चार वर्षं वाट पाहिलीस, की मी आपणहून येईन. हुकमानं नव्हे. आणि मध्ये माझ्या कार्डांच्या मागचं एकेक अक्षर जपलंस. अगं, भांडली का नाहीस? फोनवरून भांडायचीस, उन्हातल्या वर्तमानपत्रांवरून भांडायचीस, मग यावर एकदा येऊन राजेगावच्या ठसक्यात झाडलं असतंस तर मी तिथेच कागद फाडला असता. माझ्याही मागे हात बांधून उभी राहिलीस. पण मी खैरलांजीचं पोरगं नव्हतो, कल्पना. मला नाही सापडलं. माझ्यासाठी तेवढा एक हात पुढे करायला हवा होतास.

आणि हे लिहितानाही मी दोष तुझ्यावरच ढकलतोय, ते मला दिसतंय. दोष माझा आहे. तू टेबलाशी थांबून विचारायचीस आणि मी नाही म्हणायचो. माझं चुकलं. फूलवतीशी चुकलं, तुझ्याशी चुकलं आणि चूक कळल्यावर गप्प बसलो, ते सगळ्यांत जास्त चुकलं.

इथवर लिहिलं तेवढ्यात बिसेन बाबू आले. बारा वाजले होते. बाहेर तुझी पोरं दार उघडायची वाट पाहत उभी होती.

"सर, एक लाइन की बात है," ते म्हणाले. "पुराना रिमार्क पड़ा है, इसलिए आदेश अटका है. लिख दीजिए, संबंधित से चर्चा हुई, वे सहमत हैं. तारीख पिछले साल की डाल दीजिए. अब कौन पूछने वाला है?"

बाबू वाईट नाहीत. त्यांना टेबल मोकळं करायचं आहे. मी पेन उघडलं. आयुष्यभर दाखल-नोंदवहीत मी खोटी ओळ लिहिलेली नाही. हरवलेलं पुस्तक हरवलं म्हणूनच लिहिलं, मग ते प्राचार्यांनी का हरवलेलं असेना. आणि तुझ्याशी तर मी सकाळपासून बोलतोच आहे.

तुझ्या सहीच्या खाली लिहिलं. फाइल हिंदीत चालते, म्हणून हिंदीतच. 'संबंधित से चर्चा हुई. वे असहमत हैं. मैं उनसे सहमत हूँ. कक्ष की ज़िम्मेदारी मैं लेता हूँ.'

बिसेन बाबूंनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. या ओळीवर आदेश निघणार नाही, म्हणाले. नवे प्राचार्य पुढे काय करतील ते मला माहीत नाही, बाबूंनाही नाही. मग त्यांनी बोटानं सहीशेजारची रिकामी जागा दाखवली.

"सर, तारीख तो पीछे की डालिए. मैडम को गए पंद्रह दिन हो गए."

मी आजची घातली.